आवककाकांची तिसरी हाक

सिल्वासाचा मुलगा गोष्ट सांगतोय म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल, आता बाटली निघणार. नाही निघणार. मग मधुबन धरण तरी येईल, बोट येईल, फोटो काढणारी जोडपी येतील? तीही येणार नाहीत. बरं, आमच्या गल्लीतल्या चोरीची गोष्ट आहे असं म्हटलं तर तुम्ही सावरून बसाल, आणि मला पुन्हा तुमचा विरस करावा लागेल, कारण यात चोरच नाही. सहा वर्षं मी शोधतोय. दर वेळी शोधत शोधत आमच्याच गच्चीवर येऊन थांबतो.

यात आहेत एक काका, त्यांची लोखंडी खुर्ची आणि त्यांचा एक प्रश्न. ‘कोणाकडे?’

काकांचं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी कोण वाचतं? इथल्याच एका सरकारी कचेरीत ते आवक-जावकच्या टेबलावर तीस वर्षं बसले. आलेल्या कागदावर आवक नंबर, गेलेल्या कागदावर जावक नंबर, आणि टेबलासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला ‘कोणाकडे?’ मूळचे कणकवलीकडचे. काकू आधीच गेलेल्या, मुलगी रत्नागिरीला दिलेली. रिटायर झाल्यावर गावी जातील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी घरातली खुर्ची उचलली, गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून माणसांचीच आवक-जावक बघायला घेतली. म्हणून आवककाका. नाव मीच ठेवलेलं. गल्लीतली बहुतेक नावं मीच ठेवलेली आहेत, पण बाकीची इथे सांगण्यासारखी नाहीत.

मी नकला करतो. तेवढ्यासाठीच लोक मला ओळखतात. वापीला जाणारा शटलवाला, शाळेच्या प्रार्थनेत बरोबर ‘सत्य’ शब्दावर खोकणाऱ्या बाई, कुकरच्या शिट्ट्या. एकदा माझ्या तीन शिट्ट्यांवर आईने गॅस बंद केला होता आणि आम्ही कच्ची डाळ खाल्ली. आईने लाटणं उगारलं, पण हसत होती.

काकांचा आवाज काढायला सोपा. थोडा नाकातून, ‘को’ लांबवायचा आणि ‘डे’ला वर नेऊन तिथेच सोडून द्यायचा. ‘कोऽणाकडे?’ हा प्रश्न ते सगळ्यांना विचारायचे. मीटर रीडिंगवाल्याला, गाईला, लग्नाच्या वरातीतल्या नवरदेवाला. माझे पप्पा बारा वर्षं त्याच गल्लीत राहत होते, तरी कंपनीतून आले की ‘कोणाकडे?’ पप्पा म्हणायचे, घरीच. काका म्हणायचे, बरं. मग पप्पा आत यायचे. एखाद्या दिवशी काका सर्दीने झोपलेले असले की पप्पांना आपण चुकीच्या घरात शिरतोय असं वाटायचं.

मी एकदा विचारलं, काका, एवढं विचारून मिळतं काय? तर म्हणाले, विचारलं की माणसाला कळतं, आपल्याला कोणीतरी बघितलंय. चांगल्या माणसाला बरं वाटतं, वाईट माणूस मागे फिरतो. आणि खरंच, निम्मी माणसं पत्ता चुकलेलीच असायची. दुधनीहून एक आजी आल्या होत्या, लेकीचं घर शोधत, हातात सुक्या मासळीची पिशवी. पत्ता आमच्या गल्लीचा नव्हताच. काका त्यांना तीन गल्ल्या पलीकडे सोडून आले आणि दिवसभर त्यांच्या शर्टाला मासळीचा वास येत होता.

हाकेचे नियम होते. पहिली साधी. उत्तर आलं नाही तर दुसरी, जरा चढ्या आवाजात. दुसरीलाही उत्तर नाही, तर तिसरी. तिसरी त्या माणसासाठी नसायची, गल्लीसाठी असायची. ती ऐकली की हातातलं टाकून बाहेर यायचं. तिसरी हाक मी लहान असल्यापासून दोनदाच ऐकली. एकदा आमच्या समोरच्या सरांच्या मुलीची सायकल घेऊन निघालेल्या माणसासाठी आणि एकदा उधळलेल्या बैलासाठी. बैलालाही त्यांनी आधी दोनदा विचारलं होतं.

सकाळी सहाला काका गल्ली झाडायचे. आपलं अंगण झाडून थांबायचं नाही, बाराही घरांसमोरून झाडत कडुनिंबापर्यंत जायचं. तिथे विजेच्या खांबापासून झाडाच्या बुंध्यापर्यंत चुन्याच्या फक्कीने आडवी रेघ मारायची, क्रिकेटच्या ग्राऊंडवर मारतात तशी. रेघेच्या अलीकडे आपलं. पलीकडे रस्ता. गल्लीतल्या बायकाही ती रेघ पाळायच्या. माझी आई रेघेपर्यंत मॅक्सीवर जायची, केस सुटे, हातात दुधाचं भांडं. रेघेच्या पलीकडे पाऊल टाकायचं असलं की परत घरात येऊन साडी नेसायची, पर्स काखेत दाबून धरायची. अलीकडे दाराला कडी नसायची आणि पलीकडे पाचशे फुटांवर तिला मंगळसूत्राची काळजी. रस्ता तोच, ऊन तेच. पांढरी रेघ तेवढी मध्ये.

मग गल्लीच्या तोंडाशी, रेघेच्या पलीकडे, मोकळ्या प्लॉटवर रूमा झाल्या. लांबलचक पत्र्याची रांग, एका रूममध्ये पाच-पाच जण. धुळे, नंदुरबार, जळगावकडची पोरं, धाग्याच्या कंपनीत कामाला. म्हणजे आमच्याच गावाकडची. पण आम्ही आधी आलो होतो, आमचं घर आरसीसी होतं, आणि आईने तर पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं की ही माणसं कुठली, कोण, काय माहीत. तिची स्वतःची आई जशी बोलायची अगदी तस्संच ती पोरं बोलायची, तरी.

गल्लीत कड्या लागायला लागल्या. कुणाची बादली दिसली नाही की मान रूमांकडे वळायची. सर म्हणाले, गेट बसवू या, कडुनिंबापाशी, म्हणजे ते लोक बाहेर राहतील. सर मुंबईहून इथल्या शाळेत आलेले, गल्लीत त्यांचा शब्द चालायचा.

काकांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी रेघ हातभर पुढे मारली. चार दिवसांनी आणखी हातभर. कुणाच्या लक्षात येईपर्यंत होळीची दिवाळी व्हायला आली होती आणि झाडू रूमांच्या रांगेसमोरून फिरत होता. शेवटी रेघ रूमांच्या पार पलीकडे गेली, पानाच्या टपरीपाशी. सरांनी त्यांना कडुनिंबाखालीच गाठलं.

“काका, तुम्ही चोरांना आत घेताय.”

“आत घेतल्यावर चोर कसा राहील?” काका म्हणाले. “घरातला झाला. घरातल्याला घाबरायचं म्हणजे कठीण आहे.”

सर हसले, पण गेटचा विषय त्यांनी सोडला नाही.

रूमातला भूषण म्हणून एक होता, पारोळ्याकडचा, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, बाविशीतला. काका दारासमोर झाडतायत हे बघून त्याला लाज वाटली म्हणे. सुट्टीच्या दिवशी तो टपरीकडून झाडत यायला लागला, काका इकडून, आणि मध्ये गाठ पडली की दोघं बिडी ओढायचे. त्यांचा एक खेळ होता. भूषण शिफ्टवरून आला की काका विचारायचे, कोणाकडे? भूषण जिथे असेल तिथे थांबायचा, असेल ते सामान खाली ठेवायचा, कडक सलाम ठोकायचा आणि म्हणायचा, काकांकडे. मग सामान उचलून आपल्या रूमवर जायचा. रोज. मला त्या सलामाची नक्कल कधी नीट जमली नाही.

हळूहळू आईही रेघेबरोबर पुढे सरकली. मॅक्सीवर टपरीपर्यंत जाऊन कोथिंबीर घेऊन आली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. रूमातल्या एका पोराला ताप आला तर तिने मुगाची खिचडी पाठवली. तुझ्या आजीसारखं बोलतो रे तो, असं मला म्हणाली, जणू हे तिला आत्ताच ऐकू आलं.

पुढच्या वर्षी गणपतीत मी स्टेजवर काकांची नक्कल केली. खुर्ची मागून घेतली, धोतराऐवजी आईची ओढणी गुंडाळली, काका कधी धोतर नेसत नव्हते तरी. तिन्ही हाका धडाधड मारल्या, कोणाकडे-कोणाकडे-कोणाकडे, आणि मांडव हशाने असा फुटला की काय सांगू. सर डोळे पुसत हसत होते. काका पहिल्या रांगेत होते. हसले नाहीत. रागावलेलेही नव्हते. मी स्टेजवरून उतरलो तेव्हा त्यांनी बोटाने जवळ बोलावलं, आवाज बरोबर आहे, पण, असं काहीतरी सुरू केलं. मागून वन्स मोअर आला. मी परत वर पळालो.

दिवाळीनंतर सरांच्या मागच्या अंगणातून गॅसचा भरलेला सिलेंडर गेला. कोणी नेला, आजतागायत माहीत नाही. पण गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. कोणीतरी दुपारी कडी वाजवून पळून गेलं. कोणाच्या तरी वाळत घातलेल्या जीन्स गेल्या. यातलं खरं किती आणि ऐकलेलं किती, कोण बघतो? आई पुन्हा साडी नेसायला लागली.

नोव्हेंबरात काका बँकेत गेले, हयातीचा दाखला द्यायला. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे दाखवून यावं लागतं. त्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या खुर्चीचा पाय तुटला होता आणि भूषण ती वेल्डिंगला कंपनीत घेऊन गेला होता. हे मला माहीत होतं. मी तिथेच उभा होतो.

दुपारचे तीन वाजून गेले असतील. मी गच्चीवर कपडे काढत होतो. खाली गल्लीत कोणी नाही, सगळे जेवून आडवे. टपरीकडून भूषण येताना दिसला, डोक्यावर खुर्ची, पाय आभाळाकडे, दोन्ही हातांनी धरलेली. मला एकदम सुचलं. आता याला सलाम ठोकायला लावायचं. डोक्यावर खुर्ची घेऊन कसा ठोकतो बघू.

मी टाकीमागे बसलो आणि काकांच्या आवाजात हाक दिली. तो थांबला. इकडे तिकडे बघायला लागला. खुर्ची खाली घेण्यासाठी त्याने गुडघे वाकवले, आणि मला ते इतकं मजेदार वाटलं की लगेच दुसरी दिली आणि तिला जोडूनच तिसरी.

दारं उघडली. सर आले, हातात वायपरचा दांडा. आणखी पाच-सहा जण. त्यांना दिसलं काय? रूमातला माणूस, आणि काकांची खुर्ची. तो म्हणत होता, मला वरून स्पष्ट ऐकू येत होतं, “काकांकडे... अहो, काकांकडेच जाऊ राहिलो मी.” दांडा मनगटावर बसला. खुर्ची पडली. मग तो पडला.

मी दहा-बारा माणसांचे आवाज काढू शकतो. तेव्हा माझा एक काढायचा होता, थांबा म्हणायला. तो निघाला नाही.

काका पोचले तेव्हा मारणं थांबलं होतं आणि सगळे उभे राहून दम खात होते. काकांच्या हातात कापडी पिशवी होती. सरांनी त्यांना सांगितलं, तुम्ही हाक दिलीत म्हणून सापडला, तुमचीच खुर्ची घेऊन चालला होता. काकांनी खुर्चीकडे बघितलं, नवीन वेल्डिंगचा पाय काळा दिसत होता. भूषणकडे बघितलं. मग मान वर करून गच्चीकडे.

“घेऊन चालला नव्हता,” ते म्हणाले. “घेऊन येत होता.”

मग सरांना म्हणाले की हाक माझीच, कोपऱ्यावरून मारली, उन्हात माणूस ओळखला नाही, चुकलं.

हे भूषणने ऐकलं. मार खाताना त्याचा चेहरा घाबरलेला होता. हे ऐकल्यावर तो वेगळाच झाला. तो चेहरा मी कधीही कोणाला करून दाखवणार नाही.

हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं. काका रोज रूमवर जायचे, डबा घेऊन, आणि भूषण भिंतीकडे तोंड करून पडायचा. डबा शेजारचा खायचा. सर एकदा गेले, सॉरी म्हणाले, आणि बाहेर येऊन म्हणाले की पण गेट असतं तर हे झालंच नसतं. कोणालाच त्यात काही चूक दिसली नाही.

नवव्या दिवशी सकाळी मी रूमवर गेलो, सगळं सांगायला. दाराला कुलूप होतं. शेजारचा म्हणाला, पहाटेच्या गाडीने गेला, एका हाताने मशीन कशी चालवणार? पारोळ्याकडचं कुठलं गाव ते मी कधी विचारलं नव्हतं, त्यालाही नाही आणि नंतर कोणालाही नाही. विचारलं असतं तर जावं लागलं असतं. त्याला अजून वाटत असेल की ती हाक काकांची होती.

त्यानंतर काकांची रेघ मागे यायला लागली, पण हातभर हातभर नाही. एका दिवसात टपरीवरून कडुनिंबापाशी, मग त्यांच्या अंगणाच्या कडेला. महिन्याभराने फक्त उंबऱ्यासमोर झाडायचे, फक्की आणणं बंद. खुर्ची आत नेली. गेट बसलं, कॅमेरा बसला, खुर्चीच्या जागी वॉचमनची टपरीवजा केबिन आली. वॉचमन बाहेरून येणाऱ्यांचं नाव रजिस्टरात लिहितो, सही घेतो, कोणाला काही विचारत नाही. गेट बसल्यावर भीती गेली असेल असं तुम्हाला वाटेल. आईने दाराला दुसरी कडी लावली. आता ती दुधाची पिशवी घ्यायलाही साडी नेसते, आपल्याच पायरीवर.

मागच्या श्रावणात काका गेले. दीड दिवस कोणाला कळलं नाही. रजिस्टरात बाहेरून आलेल्यांची नोंद होती. आत असलेला माणूस बाहेर का येत नाहीये, ते लिहायला रकाना नव्हता. शेवटी आईच म्हणाली, झाडूचा आवाज आला नाही रे दोन दिवस.

रत्नागिरीहून त्यांची मुलगी आली. सामान आवरताना मला म्हणाली, तू बाबांचा आवाज काढतोस ना, एकदा काढ. मी नाही म्हटलं. सर्दी झालीय म्हटलं. ती रडली, आणि मी खुर्ची टेम्पोत चढवायला मदत केली.

आता त्या आठव्या दिवसाचं सांगतो, भूषण जायच्या आदल्या संध्याकाळचं. आठ दिवस मी काकांना चुकवत होतो. पण त्यांनी ना माझ्या घरी काही सांगितलं, ना गल्लीत, आणि तेच मला सहन होईना. मी गेलो. ते पाटावर बसून भूषणचा डबा घासत होते. मी सगळं सांगितलं, त्यांना माहीत असलेलंच. म्हटलं, तुम्ही मला का वाचवलंत?

“तुला कोण वाचवतंय?” म्हणाले. “तिसरी हाक खोटी असू शकते हे एकदा कळलं, की पुढच्या वेळी कोण बाहेर येईल? आणि सांगायला आठ दिवस लावलेस. उद्या सकाळी उठून पहिला त्याच्याकडे जा.”

मी मान हलवली. वाटलं, झालं, संपलं. उठायला लागलो तर त्यांनी ओल्या हाताने माझं मनगट धरलं. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं, आणि आवाज तर अगदी खाली होता.

“मेल्या, आवाज माझा काढलास. हाक माझी नव्हती ती. दुसरी मारली की मी थांबतो. समोरच्याच्या डोक्यावर ओझं असतं, तोंडात घास असतो, कोणाला भाषा येत नसते. उत्तर द्यायला माणसाला वेळ लागतो. मी मनात अख्खा पत्ता लिहून होईपर्यंत थांबतो. एवढ्या वर्षांत दोनदाच तिसरी लागली, ती का? गणपतीतच सांगणार होतो तुला, तर तू टाळ्या घ्यायला पळालास.”

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी मनगट सोडलं आणि डबा परत घासायला घेतला.

“उत्तर देत होता तो. खुर्ची तरी खाली ठेवू द्यायची होतीस त्याला.”